झिजलेला कार्बोरेटर: एकाच वेळी लीन आणि रिच चालणाऱ्या इंजिनाचे प्रकरण

गाडी ३५० सीसीची जुनी मोटारसायकल. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, २४ मिलिमीटरचा गोल स्लाइडचा कार्बोरेटर, मिकुनी या जपानी कंपनीच्या व्हीएम धाटणीचा. स्लाइड म्हणजे मुठीच्या केबलने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा दट्ट्या. ओडोमीटरवर ६८,००० किलोमीटर. कार्बोरेटर मूळचाच. तो आजवर बऱ्याचदा खोलून साफ झाला होता, पण त्यातला एकही भाग कधी मोजला गेला नव्हता.

तक्रारी चार होत्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. इंजिन तापल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नसे. ते २,००० च्या आसपास रेंगाळत, मग एकदम कोसळत आणि कधी कधी गाडी बंदच पडे. ताशी ४०-५० किलोमीटरने सपाट रस्त्यावर चालवताना इंजिन जड आणि गुदमरल्यासारखे वाटे, प्लग काजळून निघे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला की हेडमधून खडखड, म्हणजे पिंगिंग ऐकू येई. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा ठेवून गाडी उभी केली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपके. मायलेज लिटरला ३४ वरून २४ किलोमीटरवर आले होते.

आरपीएम रेंगाळणे हे लीन मिश्रणाचे लक्षण, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. काजळलेला प्लग सांगतो ते नेमके उलटे, म्हणजे रिच मिश्रण, पेट्रोल जास्त. अशा वेळी हमखास होते ते असे, की ज्याला जे लक्षण आधी दिसते त्यावर तो उपाय करतो आणि दुसरे लक्षण वाढते. या गाडीवर तेच झाले होते. मेन जेट (पेट्रोल मोजून देणारे मुख्य पितळी भोक) एक नंबर लहान केला होता, निडल (स्लाइडला क्लिपने लोंबकळणारी निमुळती सुई) खाली उतरवली होती, एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमी-जास्त करणारा) जवळजवळ पूर्ण आत पिळला होता आणि आयडलिंगचा स्क्रू वाढवून ठेवला होता. यातला एकही बदल झिजेपर्यंत पोचला नाही.

आधी कार्बोरेटरबाहेरचे

कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी बाकीचे तपासून बाजूला काढावे लागते. व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनावर बरोबर निघाला. इग्निशन टायमिंग ठीक होते. चाके उचलून हाताने फिरवली तेव्हा मोकळी फिरली, म्हणजे ब्रेक अडकून मायलेज खात नव्हते. कॉम्प्रेशन समाधानकारक होते.

एअर फिल्टरच्या डब्याकडून कार्बोरेटरकडे येणारा रबरी बूट मात्र खालच्या अंगाला चिरलेला होता. चीर वरून दिसत नव्हती, बोटाने चाचपल्यावर लागली. बुटाच्या आत चिरेपासून कार्बोरेटरच्या तोंडापर्यंत बारीक धुळीचा पट्टा उमटला होता. हा पट्टा पाहिला तेव्हाच पुढे काय सापडणार याचा अंदाज आला. फिल्टरला बगल देऊन आलेली धूळ पेट्रोलने ओल्या निडलला चिकटते आणि निडल हलली की घासायच्या पेस्टसारखे काम करते.

इंजिनाच्या बाजूच्या जोडावर, इंजिन आयडलिंगला असताना, स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचा फवारा मारला. जोडातून हवा आत जात असेल तर पाणी क्षणभर ती वाट बुजवते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. इथे तो किंचित बदलला. या चाचणीसाठी कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात, ते करू नये. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वलनशील द्रव उडवण्याचे काही कारण नाही, पाण्याने तेच कळते.

दोष कुठल्या टप्प्यावर आहे

स्लाइड-कार्बोरेटरमध्ये प्रत्येक भागाचा अंमल अ‍ॅक्सिलरेटरच्या ठरावीक टप्प्यावर चालतो. बंद ते एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारे बारीक भोक, आणि एअर स्क्रू. एक अष्टमांश ते पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा काप, म्हणजे कटअवे, आणि निडलचा वरचा सरळ भाग. पाव ते पाऊणपर्यंत निडलचा निमुळता भाग आणि क्लिपची खाच. त्यापुढे मेन जेट. टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, पण दोष शोधायला ही विभागणी पुरते. मुठीवर आणि शेजारच्या स्थिर भागावर कागदी टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा केल्या. ही टेप नसेल तर चालवणाऱ्याचा ‘अर्धा’ बहुतेक वेळा पाव असतो.

आयडलिंगला चोकचा खटका किंचित उचलला. इंजिन घुसमटायच्या ऐवजी गुळगुळीत चालू लागले. म्हणजे आयडलिंगला मिश्रण लीन.

पाव अ‍ॅक्सिलरेटरला चोकची चाचणी भरवशाची नाही. या कार्बोरेटरचा चोक म्हणजे पेट्रोलची वेगळी वाट उघडणारा प्लंजर. स्लाइड खाली असताना इंजिनाची ओढ जोरात असते तेव्हाच तो नीट काम करतो. म्हणून तिथे दुसरी युक्ती केली. पाव खुणेवर गाडी एकसारखी चालवत कॉक बंद केला. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, तिच्यातली पातळी उतरते तसे मिश्रण हळूहळू लीन होत जाते. इंजिन बंद पडण्याआधीचे काही सेकंद ते स्पष्टपणे मोकळे झाले आणि जोर वाढला. म्हणजे पाव टप्प्याला मिश्रण रिच. ही चाचणी मोकळ्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर आणि एक हात क्लचवर ठेवूनच करावी.

पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला पिंगिंग होतेच. टायमिंग बरोबर असल्यामुळे संशय लहान केलेल्या मेन जेटवर गेला.

लीन, रिच आणि पुन्हा लीन, अशी तीन टप्प्यांची तीन उत्तरे मिळाली. घाणीने तुंबलेला कार्बोरेटर सहसा असे वागत नाही. पेट्रोलची तुंबलेली वाट पेट्रोल अडवते, म्हणजे मिश्रण लीन करते. मधल्याच टप्प्याला रिच व्हायला बहुधा पेट्रोलची एखादी वाट मोठी व्हावी लागते, आणि पितळी वाट मोठी होते ती झिजेने, किंवा कोणी तारेने कोरली तर.

खोलताना

कॉक बंद केला, चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बरणीत घेतले. जवळपास ठिणगी किंवा ज्योत नाही आणि जागा हवेशीर आहे याची खात्री आधीच केली होती. बरणीत तळाशी पाण्याचे दोन-तीन थेंब आणि तांबूस गाळ दिसला. टाकीतून गंज येत होता, त्यामुळे कॉकची जाळी काढून धुतली.

काहीही सैल करण्यापूर्वी एअर स्क्रू आत पिळून फेरे मोजले. तो अर्ध्याच फेऱ्याने बाहेर होता, गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात दीड फेरा होता. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो, म्हणून आत पिळला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होते. अर्धा फेरा याचा अर्थ एवढाच, की आयडलिंगला कुठून तरी जादा हवा येत होती आणि कोणीतरी ती पेट्रोलने भरून काढायचा प्रयत्न केला होता. निडलची क्लिप पाचपैकी सर्वांत वरच्या खाचेत होती, मूळ जागा तिसरी. मेन जेट ८५ चा होता, मूळचा ९०. पायलट जेट २५ चा, मूळचाच.

चेंबरच्या स्क्रूंना जपानी पद्धतीची चौकडी खाच असते आणि साधा स्टार पेचकस त्यात पूर्ण बसत नाही. बळ लावले की खाच गोल होते. नेमका बसणारा बिट घ्यावा, आधी गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे आणि बिटावर हातोडीचा हलका ठोका द्यावा. त्याने चिकटलेला स्क्रू सुटतो. एक स्क्रू याआधीच खराब झाला होता, तो बदलला.

मोजमाप

स्लाइड बाहेर काढून उजेडात धरली. इंजिनाकडच्या अंगाला क्रोमचा मुलामा दोन उभ्या पट्ट्यांत उडाला होता आणि खालचे पितळ पिवळे चमकत होते. फिल्टरकडचे अंग जवळपास नव्यासारखे. इंजिन ओढ घेते तेव्हा स्लाइड इंजिनाच्या बाजूला खेचली जाते आणि त्याच भिंतीवर खाली-वर घासते, म्हणून झीज एकतर्फी असते. आयडलिंगला कार्बोरेटरमधून बारीक टकटक येत होती तीही याच सैलपणाची.

व्यास मायक्रोमीटरने दोन दिशांनी घेतला. एक हवेच्या वाटेच्या दिशेने, कटअवेच्या वर धरून, आणि दुसरा त्याला काटकोनात. पहिला दुसऱ्यापेक्षा ०.११ मिलिमीटरने कमी भरला. बॉडीच्या बोअरमध्ये टेलिस्कोपिक गेजने हीच तुलना केली. व्हेंचुरीच्या, म्हणजे हवेच्या अरुंद वाटेच्या, लगेच वर फरक ०.०३ निघाला. मूळ माप हाताशी नसले तरी ही पद्धत चालते. झीज एकाच दिशेने होते, त्यामुळे काटकोनातला व्यास जुन्या मापाची साक्ष देतो. निष्कर्ष सरळ होता. झिजली होती ती मुख्यतः स्लाइड, बॉडी नव्हे. उलटे असते तर नवी स्लाइड घालून निम्मेच काम झाले असते, आणि मग बोअर मोठा करून ओव्हरसाइज स्लाइड बसवणे किंवा कार्बोरेटरच बदलणे एवढे दोन मार्ग उरले असते.

सैल स्लाइडमुळे आयडलिंगच का बिघडते, हेही सांगायला हवे. आयडलिंगला इंजिनाला अगदी थोडी हवा लागते. स्लाइडच्या भोवतीच्या फटीतून जाणारी हवा त्या थोड्या हवेत मोठा वाटा उचलते आणि पायलट जेट त्या हिशेबाने पेट्रोल देत नाही. शिवाय सैल स्लाइड दर वेळी वेगळ्या कलाने टेकते, म्हणून आरपीएम एका जागी ठरत नाही. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला तीच फट मोठ्या प्रवाहात नगण्य ठरते.

आता निडल जेट, म्हणजे निडल ज्यात खाली-वर होते ते पितळी नळकांडे. या प्रकरणातला सर्वांत फसवा भाग हाच. मिकुनीच्या क्रमांकात अक्षर एकाने वाढले की भोक ०.०५ मिलिमीटरने वाढते आणि अंक एकाने वाढला की ०.००५ ने. इथला जेट ओ-० होता, म्हणजे नवा असताना २.६०० मिलिमीटर. गेज पिन, म्हणजे नेमक्या व्यासाची मोजायची सळई, घालून पाहिली. २.६१ ची पिन गेली, २.६२ ची गेली नाही. वरकरणी झीज फक्त एका शतांशाची. बरेच जण इथे जेट पुसून परत लावतात.

पण पिन भोकाचा सर्वांत अरुंद व्यास सांगते. क्लिपला लोंबकळणारी निडल इंजिनाच्या धक्क्यांनी एकाच दिशेला थरथरते आणि जेटच्या तोंडाला लंबगोल करते. लंबगोलाच्या लांब दिशेने भोक किती वाढले ते पिनला दिसतच नाही. दहापट भिंगातून पाहिल्यावर तोंडाची एक बाजू आरशासारखी चमकत होती आणि तिची कड गोलसर झाली होती. टूलमेकर्स मायक्रोस्कोपखाली लांब व्यास २.६७ भरला.

आता हिशेब. निडलचा सरळ भाग २.५१५ मिलिमीटर. नव्या २.६०० च्या भोकात निडलभोवती पेट्रोलला मोकळी जागा ०.३४ चौरस मिलिमीटर. २.६१ गुणिले २.६७ च्या लंबगोलात तीच जागा ०.५१ चौरस मिलिमीटरच्या जवळ. म्हणजे सुमारे ४८ टक्के जास्त. पिनच्याच मापावर विसंबून भोक गोल मानले असते तर वाढ १२ टक्केच निघाली असती. पेट्रोलचा प्रवाह क्षेत्रफळाच्या अगदी त्याच प्रमाणात वाढतो असे नाही, पण काजळलेला प्लग आणि घटलेले मायलेज समजून घ्यायला हा आकडा पुरेसा बोलका आहे. माप शतांशांत बदलते आणि जागा निम्म्याने वाढते, कारण निडल आणि भोक यांच्यात मुळातच फार थोडे अंतर असते.

क्लिप वर नेऊन निडल खाली उतरवण्याचा उपाय का फसला, तेही इथेच उलगडते. पाव टप्प्याला जेटच्या तोंडात निडलचा सरळ भाग असतो. सरळ भाग खाली सरकवला तरी सरळच राहतो, फट तेवढीच. बदल होतो तो वरच्या टप्प्यात, निमुळता भाग तोंडाशी येतो तिथे. त्यामुळे रिच असलेला टप्पा तसाच राहिला आणि पाव ते पाऊणचा वरचा भाग विनाकारण लीन झाला. त्यात मेन जेट लहान केल्यावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला इंजिन तापू लागले. चढावरचे पिंगिंग हा झिजेचा दोष नव्हता, उपायाने लावलेला होता. असे दीर्घकाळ चालले की पिस्टन जळतो किंवा सीझ होतो. एकूण तक्रारींत हीच सर्वांत घातक होती.

निडलवरही, जेटच्या तोंडाशी जिथे ती सतत असते तिथे, एका बाजूला चपटा चकाकता डाग होता. बोटाच्या नखाला त्याची कड लागत होती.

चेंबर भरला की तरंगणारा फ्लोट ज्याने पेट्रोलची वाट बंद करतो त्या फ्लोट व्हॉल्व्हच्या रबरी टोकावर सीटचा गोल वळ खोल उमटला होता. बॉडी उलटी धरून फ्लोटची उंची घेतली. पुस्तकात २१ मिलिमीटर, भरली १८.५. टोक झिजले की व्हॉल्व्ह सीटमध्ये जास्त आत बसतो, फ्लोटला वाट बंद करायला जास्त वर यावे लागते आणि चेंबरमधली पातळी चढते. हे माप घेताना एक चूक फार होते. व्हॉल्व्हच्या मागच्या टोकाला स्प्रिंगची बारीक पिन असते. फ्लोट तिच्यावर पूर्ण भार टाकून ठेवला तर पिन दबते आणि आकडा खोटा येतो. बॉडी तिरपी करत न्यावी आणि फ्लोटची पट्टी पिनला नुसती टेकली त्या क्षणी मोजावे. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल नाही याची खात्री केली, मग गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिले. नाही आले.

चढलेली पातळी सगळ्याच टप्प्यांना थोडे रिच करते. म्हणजे आयडलिंगचा लीनपणा ती काही अंशी झाकत होती. एकटा फ्लोट व्हॉल्व्ह बदलला असता तर गळती थांबली असती, पण आयडलिंग आणखी बिघडले असते आणि खापर नव्या व्हॉल्व्हवर फुटले असते. म्हणून झिजलेले सगळे एकदम बदलायचे आणि मगच ट्यूनिंगला हात घालायचा, हा क्रम ठरवला.

शेवटी फ्लॅंज, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जिथे बसतो ती सपाट कड. स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहिले तर मध्ये प्रकाशाची रेघ दिसली. ०.१० मिलिमीटर जाडीचा फीलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, मध्यभागी सहज गेला. दोन टोकांचे नट वर्षानुवर्षे ताकद लावून आवळले की फ्लॅंज कमानीसारखा वाकतो आणि नेमक्या मध्यातून हवा घेतो. पाण्याच्या फवाऱ्याला आलेला प्रतिसाद याचाच. वाकलेला फ्लॅंज बॉडीलाही किंचित पिळतो आणि त्यात नवी, नेमकी स्लाइड तापल्यावर अडकू शकते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर स्लाइड वरच राहणे म्हणजे अपघाताला आमंत्रण, त्यामुळे हे काम टाळता येत नाही.

दुरुस्ती

बदललेले भाग असे: स्लाइड, निडल आणि निडल जेट जोडीने, फ्लोट व्हॉल्व्ह सीट व वॉशरसकट, फ्लॅंजची ओ-रिंग, चेंबरचे गॅस्केट, एअर स्क्रूची ओ-रिंग, मेन जेट ९० आणि हवेचा रबरी बूट. चोकच्या प्लंजरचे रबरी टोक मऊ आणि सपाट होते, ते ठेवले. ते कडक झाले असते तर बदलावे लागले असते, कारण कडक टोक वाट पूर्ण बंद करत नाही आणि चोक कायम थोडा उघडा राहतो. निडल आणि निडल जेट यांतला एकच बदलणे ही बचत नव्हे. डाग पडलेली निडल नव्या जेटची वाट लावते.

निडल जेट काढताना आधी मेन जेट सोडवला, मग खालून लाकडी काडीने निडल जेट वर, व्हेंचुरीत ढकलला. याच्या अंगाला खाच आणि बॉडीत बारीक पिन असते. बसवताना ती जुळली नाही आणि मेन जेट आवळला, तर जेट वाकडा बसतो किंवा पिन तुटते.

बॉडीतून सगळे रबर काढून ती अल्ट्रासॉनिक टाकीत ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे ठेवली. जास्त वेळ ठेवल्यास धातू काळवंडतो. मग साध्या पाण्याने धुऊन प्रत्येक वाटेतून दाबाची हवा सोडली. पायलट जेटचे भोक तारेने उकरू नये. पोलादी तार पितळाला कोरते आणि भोक कायमचे मोठे होते. नायलॉनचा केस आणि क्लीनर पुरतो. साफ झाले की नाही याची कसोटी वेगळी आहे. एअर स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारला की तो स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असलेल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सरळ धारेत आला पाहिजे. ठिबकला तर वाट अजून अर्धी बंद आहे. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण ही धार नेमकी तोंडावर येते.

फ्लॅंज सपाट करायला जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवला, पाणी घातले आणि आठच्या आकड्यासारख्या हालचालीने बॉडी घासली. दर वीसेक फेऱ्यांनंतर पाहिले. आधी दोन टोके चमकू लागली, मग चमक मध्याकडे सरकत आली. पूर्ण पृष्ठभाग एकसारखा झाला तेव्हा थांबलो, कारण जास्त घासल्यास ओ-रिंगची खोबण उथळ होते आणि रिंग बाहेर येऊन फाटते. नंतर बॉडी पुन्हा धुतली, त्या पेपरचा एक कण आत राहिला तरी स्लाइडवर ओरखडे उमटतात.

फ्लोटची पट्टी वाकवून उंची २१ वर आणली. मग कार्बोरेटर व्हाइसमध्ये सरळ धरून छोट्या बाटलीतून, टाकीच्या उंचीवरून पेट्रोल दिले आणि १५ मिनिटे ओव्हरफ्लोकडे पाहत राहिलो. थेंब नाही. हे बाकावरच करावे, गाडीवर चढवल्यावर कळले तर पुन्हा सगळे उतरवावे लागते.

क्लिप तिसऱ्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरा, मेन जेट ९०, पायलट २५. सगळे पुस्तकाप्रमाणे. आधीच्या दुरुस्त्यांतला एकही ‘जमवलेला’ आकडा ठेवला नाही. ते आकडे झिजलेल्या भागांसाठी होते आणि ते भाग आता गाडीत नाहीत.

स्लाइड बसवताना कटअवे फिल्टरकडे आणि अंगावरची उभी खाच बॉडीतल्या पिनवर. केबल सोडली की स्लाइड टक् असा आवाज करून तळाला बसली पाहिजे. केबलला २ ते ३ मिलिमीटर ढिलाई ठेवली. फ्लॅंजचे नट आळीपाळीने, हाताला लागेपर्यंत आणि वर पाव फेरा. ओ-रिंग सील करते, त्यामुळे ताकदीची गरजच नाही.

पहिल्या फेरीत जे चुकले

इंजिन सुरू झाले, दहा मिनिटे तापवले. आरपीएम रेंगाळणे गेले. पाव टप्प्याचा जडपणा गेला. पण बंद स्थितीतून अ‍ॅक्सिलरेटर थोडा उघडला की नेमका एक अष्टमांशाच्या पुढे इंजिन क्षणभर अडखळून मग उचल घेई. चोक किंचित उचलून पाहिले तर अडखळणे कमी झाले, म्हणजे तिथे मिश्रण लीन होते. एअर स्क्रू फिरवून फरक पडला नाही, त्यामुळे पायलटचा संबंध नाही हे कळले. उरला कटअवे.

स्लाइड काढून तळ पाहिला. नव्या स्लाइडवर ३.० कोरलेले होते, जुनीवर २.५. हा अंक म्हणजे कापाची मिलिमीटरमधली उंची. काप उंच तर हवा जास्त, मिश्रण लीन. बाहेरून दोन्ही स्लाइड हुबेहूब सारख्या आणि पाकिटावरचे गाडीचे नाव बरोबर. जुना भाग टाकून देण्याआधी त्यावरचा अंक नव्याशी ताडून पाहायला हवा होता, तो पाहिला गेला नव्हता. २.५ ची स्लाइड घातल्यावर अडखळणे पूर्ण थांबले. याच ठिकाणी क्लिप हलवून किंवा पायलट जेट मोठा करून ‘जमवण्याचा’ मोह होतो, आणि तिथून जुने चक्र पुन्हा सुरू होते.

मग एअर स्क्रू. आयडलिंग १,१०० वर ठेवून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवला आणि प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबलो, कारण इंजिनाला नव्या मिश्रणावर ठरायला तेवढा वेळ लागतो. सर्वांत जास्त आणि स्थिर आरपीएम पावणेदोन फेऱ्यांवर मिळाले. तिथे स्क्रू ठेवून आयडलिंगच्या स्क्रूने आरपीएम पुन्हा १,१०० वर आणले. हा बिंदू एका फेऱ्याच्या आत आला तर पायलट जेट लहान आहे किंवा कुठून तरी हवा घुसते आहे. अडीच फेऱ्यांपलीकडे गेला तर पायलट मोठा आहे. इंजिनाच्या बाजूला असणारा स्क्रू हवेऐवजी मिश्रण किंवा पेट्रोल नियंत्रित करतो आणि त्याचा अर्थ उलटा असतो, हे ध्यानात न घेता फिरवणारे पुष्कळ. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून आरपीएम बदलत नाही, म्हणजे केबल ओढली जात नाही, हेही पाहिले.

प्लगचा रंग पाहताना नुसत्या टोकावर जाऊ नये. हल्लीच्या शिसेविरहित पेट्रोलवर तो जुन्या वर्णनांइतका बदामी होत नाही. पाव खुणेवर काही किलोमीटर एकसारखी चालवून, इंजिन बंद करून क्लच दाबून गाडी थांबवली आणि प्लग काढला. पोर्सेलिन फिक्या राखाडी रंगाचे, काजळी फक्त बाहेरच्या कडीवर. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला चढावर पिंगिंग नाही.

टाकी काठोकाठ भरून २१० किलोमीटर चालवून पुन्हा काठोकाठ भरली तेव्हा ६.४ लिटर पेट्रोल बसले, म्हणजे लिटरला जवळपास ३३ किलोमीटर.

बॉडीतली ०.०३ ची झीज तशीच आहे, आयडलिंगला ती जाणवत नाही. चिरलेला बूट तसाच राहिला असता तर मात्र ही नवी निडल जुनीच्याच वाटेने गेली असती. ५०० किलोमीटरनंतर फ्लॅंजचे नट तपासले, दोन्ही जागेवर होते. बुटाच्या आतून पांढरे फडके फिरवले, ते कोरडे आणि स्वच्छ निघाले. फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू उघडला तेव्हा तांबूस गाळ पुन्हा चिमूटभर दिसला. टाकी आतून गंज काढून घेईपर्यंत कॉकपुढे कागदी फिल्टर लावला आहे आणि ड्रेन दर महिन्याला उघडून पाहायचा आहे, कारण फ्लोट व्हॉल्व्हच्या रबरी टोकाला गंजाचा एक कण पुरतो.